मैदान सोडून जाणारी पिढी

वय वाढूं लागलें म्हणजे माणसाचें वर्तमानपत्र वाचण्याचें वळण बदलतें. तरुणपणीं तो पहिल्या पानापासून आरंभ करतो. साठी जवळ आली कीं त्याची दृष्टि आधीं मृत्युवार्तांच्या रकान्याकडे वळते. त्यांत भीतीचा अंश फारसा नसतो. आपल्या उमेदीच्या काळांत जीं नांवें घरोघर आदरानें घेतलीं जात होतीं, त्यांपैकीं आज कोणतें गळलें, एवढेंच तो पाहत असतो. गवई जातात, नट जातात, मल्ल जातात. आणि प्रत्येकाबरोबर आपल्याहि आयुष्याचा एक तुकडा निखळून पडल्यासारखें वाटतें. हा अनुभव कोणा एका देशाचा नव्हे. ज्या अमेरिकेला आपण नित्य नव्याच्या मागें धावणारी समजतों, तेथेंहि तो मला जसाच्या तसा आढळला. आणि तोहि अशा एका खेळाच्या निमित्तानें, कीं ज्याचे साधे नियमहि मला तोंपर्यंत ठाऊक नव्हते.

२०१९ सालच्या शरद ऋतूंत आम्ही उभयतां मेरीलँड राज्यांतील बाल्टिमोर शहराच्या एका उपनगरांत कन्येकडे राहावयास गेलों होतों. कन्या व जावई दिवसभर कामावर; त्यामुळें शेजारच्या घरांतील सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थांशीं माझा लवकरच परिचय झाला. मी शिक्षकी पेशांतला, हें समजल्यापासून ते मला 'प्रोफेसर' म्हणूं लागले. तें पद मला कधींच मिळालेलें नव्हतें हें सांगूनहि त्यांनीं तें परत घेतलें नाहीं. एका रविवारीं दुपारीं ते मला आपल्या घराच्या तळघरांत घेऊन गेले. भिंतीवर ओळीनें छायाचित्रें लावलेलीं होतीं. आंखूड केस कापलेले, रुंद खांद्यांचे, निळ्या सदऱ्यांतले तरुण. आपल्याकडे माजघरांत वाडवडिलांच्या तसबिरी असतात, तशीच ती भिंत. त्यांतील एका चित्राकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे जीनो मार्केटी. गेल्या एप्रिलमध्यें गेले. वय त्र्याण्णव." आणि मग क्षणभर थांबून, "आतां भिंतीवर जिवंत थोडेच उरले, प्रोफेसर."

तीं छायाचित्रें होतीं बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या जुन्या खेळाडूंचीं. पुढील दोन महिने दर रविवारीं मी त्या तळघरांत जाऊन बसत असें. तेथें जें ऐकलें, आणि त्यानंतर जिज्ञासेनें जें वाचलें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

प्रथम खेळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. फुटबॉल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पायानें चेंडू मारण्याचा खेळ येतो. अमेरिकन फुटबॉलांत पायाचें काम थोडें. हातांचें आणि छातीचें फार. चेंडू वाटोळा नसून दोन्ही टोकांस निमुळता असतो. मैदान १०० यार्ड लांब, प्रत्येक बाजूस ११ गडी. चेंडू ज्या पक्षाच्या ताब्यांत असेल, त्यानें चार प्रयत्नांत १० यार्ड पुढें सरकावें. सरकल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाचे गडी चेंडू घेऊन जाणाऱ्यास अंगावर आदळून, मिठी मारून खालीं पाडतात. चेंडू कोणास द्यावा, केव्हां आणि किती दूर फेंकावा, हें पाहणारा सेनापति म्हणजे क्वार्टरबॅक. हुतूतूची पकड, कुस्तीचें बळ आणि बुद्धिबळांतला व्यूह हीं तिन्ही एकत्र कल्पिलीं म्हणजे या खेळाचें स्वरूप थोडेंबहुत ध्यानांत येईल. एक गोष्ट मात्र वाचकांनीं विसरूं नये. प्रत्येक डाव सुरू होतांच धिप्पाड माणसांच्या दोन भिंती एकमेकींवर आदळतात. आणि एका सामन्यांत असे शंभराहून अधिक डाव होतात.

बाल्टिमोर हें बंदराचें आणि कारखान्यांचें शहर. एका बाजूस राजधानी वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूस फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क. त्यामुळें दोन कर्तबगार भावांच्या मधल्या भावाची जशी कुचंबणा व्हावी, तशी या शहराची कायम स्थिति. १९५३ सालीं कोल्ट्स संघ येथें खेळूं लागला, आणि ज्या शहराकडे कोणी वळून पाहत नसे, त्यास आपलें म्हणावें असें कांहीं तरी मिळालें. शेजाऱ्यांचे वडील स्पॅरोज पॉइंट येथील पोलादाच्या प्रचंड कारखान्यांत कामाला होते. हा कारखाना बेथलेहेम कंपनीचा. आणि याच कंपनीच्या नोकरींत त्या संघाचा नायक जॉनी युनिटास यानेंहि खेळाचा हंगाम नसतांना काम केलेलें आहे!

ही गोष्ट ऐकून मी चकित झालों. पण त्या काळीं तींत नवल कांहींच नव्हतें. १९५६ सालीं युनिटास संघांत आला तेव्हां त्याचें वर्षाचें वेतन ७,००० डॉलर होतें. तेवढ्यावर कुटुंब चालविणें कठीण म्हणून बहुतेक खेळाडू उरलेले महिने कोठें ना कोठें चाकरी करीत. आर्ट डोनोव्हन नांवाचा एक अवाढव्य आणि विनोदी गडी मद्याच्या व्यापाऱ्याकडे विक्रेता होता. हे खेळाडू मजुरांच्या आळींत, एकमेकांस खेटून उभ्या असलेल्या विटांच्या घरांतून राहत. शेजाऱ्यांच्या शब्दांत सांगावयाचें तर, "रविवारीं ज्यांची पूजा करावयाची, ते सोमवारीं वाण्याच्या दुकानांत आपल्यापुढें रांगेंत उभे असत." वीर आणि त्याचा भक्त यांच्या मिळकतींत जोंपर्यंत फार अंतर नसतें, तोंपर्यंत त्यांच्यांत घरोबा राहतो. त्या पिढीच्या आठवणींनीं वृद्धांचे डोळे पाणावतात, त्याचें पहिलें कारण हें आहे.

यांतील कित्येकांनीं मैदानापूर्वीं रणांगण पाहिलेलें होतें. मार्केटी अठराव्या वर्षीं सैन्यांत शिरून दुसऱ्या महायुद्धांत युरोपांत लढला. डोनोव्हन पॅसिफिक महासागरांत होता. ते ज्या मैदानावर खेळत, तें मेमोरियल स्टेडियम हुतात्मा सैनिकांच्या स्मरणार्थच बांधलेलें होतें. त्याच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत असा आशय कोरलेला होता, कीं त्यांच्या कृत्यांचें तेज काळाच्यानें मंद होणार नाहीं.

युनिटास याची कथा एखाद्या आख्यानांत शोभावी अशी आहे. जन्म १९३३, गांव पिट्सबर्ग. तो पांच वर्षांचा असतां वडील वारले. आईनें घरोघर कोळसा पोंचविण्याचा पतीचा धंदा पुढें चालवून मुलें वाढविलीं. १९५५ सालीं त्याच्याच गांवच्या व्यावसायिक संघानें त्यास नवव्या फेरींत निवडलें, आणि एकाहि सामन्यांत न खेळवितां काढून टाकलें. मग तो बांधकामावर मजुरी करी, आणि सामन्यामागें अवघे सहा डॉलर घेऊन काचाखड्यांच्या मैदानांवर हौशी संघाकडून खेळे. तेथून कोल्ट्सनें त्यास उचललें. पुढें १९५६ ते १९६० या काळांत लागोपाठ ४७ सामन्यांत त्यानें निदान एक तरी टचडाउन फेंक साधली, म्हणजे त्याची फेंक झेलून सहकाऱ्यानें शेवटची रेषा गांठली. हा विक्रम मोडावयास २०१२ साल उजाडावें लागलें.

त्याचा जिवलग सहकारी रेमंड बेरी. हा दृष्टीनें अधू, पाठीनें दुबळा, धावण्यांत मध्यम. १९५४ च्या निवडींत विसाव्या फेरीपर्यंत त्याचा कोणी विचार केला नव्हता. पण अभ्यासानें काय साधतें, याचा हा मूर्तिमंत पुरावा. प्रतिस्पर्ध्यांच्या संवयी तो वहींत टिपून ठेवी. बोटांत बळ यावें म्हणून हातांत लगदा घेऊन मळत बसे. आणि सराव संपून इतर घरीं गेल्यावर तो व युनिटास दोघेच मैदानावर थांबून फेंकीचा आणि झेलीचा अभ्यास करीत. १९६७ सालीं तो निवृत्त झाला तेव्हां ६३१ झेल त्याच्या नांवावर होते. तोंपर्यंत इतके कोणाचेच नव्हते. चाळीस वर्षें मुलांना 'अभ्यास करा' म्हणून सांगणाऱ्या माझ्यासारख्यास हा बेरी सर्वांत जवळचा वाटला, हें सांगावयास नकोच.

आतां तो प्रसिद्ध दिवस. रविवार, २८ डिसेंबर १९५८. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर अजिंक्यपदाचा सामना; समोर न्यूयॉर्क जायंट्स. शेजारी त्या वेळीं बारा वर्षांचे. त्यांच्या घरीं दूरदर्शनयंत्र नव्हतें, म्हणून सारें कुटुंब काकांच्या घरीं लोटलेलें. अर्धा सामना झाला तेव्हां कोल्ट्स १४-३ असे पुढें होते. पण उत्तरार्धांत पारडें फिरलें आणि जायंट्स १७-१४ असे वरचढ झाले. चेंडू त्यांच्याच ताब्यांत. आणखी थोडेसे यार्ड मिळाले असते तर सामना संपलाच होता. त्या क्षणीं मार्केटीनें प्रतिपक्षाच्या फ्रँक गिफर्डला इंचांच्या अंतरानें अडविलें. पण त्याच धुमश्चक्रींत स्वतःच्याच संघाचा एक अजस्र गडी त्याच्या पायावर पडला आणि पाय मोडला. त्यास उचलून बाहेर नेऊं लागले, तर तो जावयास तयार होईना. मैदानाच्या कडेला डोलीवर अर्धवट उठून बसून तो पुढचा खेळ पाहत राहिला.

चेंडू कोल्ट्सकडे आला तेव्हां दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता आणि जावयाचें होतें ८६ यार्ड. युनिटासच्या चेहऱ्यावर गडबडीचें चिन्ह नाहीं. त्यानें लागोपाठ तीन फेंकी बेरीकडे केल्या. तीनहि बेरीनें झेलल्या. त्या तिहींत ६२ यार्ड पार पडले. सात सेकंद उरले असतां चेंडू लाथेनें खांबांमधून मारून बरोबरी साधली गेली, १७-१७. अजिंक्यपदाच्या सामन्यांत बरोबरी होण्याचा हा पहिलाच प्रसंग. जादा वेळांत जो प्रथम गुण मिळवील तो विजयी, असा नियम. पहिली संधि जायंट्सना मिळाली. ती फुकट गेली. मग युनिटासनें ८० यार्डांची वाटचाल एकेक पाऊल मोजून केली, आणि शेवटच्या यार्डावर अ‍ॅलन अमीची मान खालीं घालून रेषेपलीकडे कोसळला. २३-१७! मार्केटीला तोंपर्यंत आंत नेण्यांत आलें होतें; ज्या क्षणासाठीं त्यानें पाय दिला, तो क्षण त्यास पाहतां आला नाहीं.

"बाप रडतांना मीं पहिल्यानें त्या दिवशीं पाहिला," शेजारी म्हणाले. विमानतळावर संघाचें स्वागत करावयास हजारों लोक लोटले. विजयी खेळाडूंपैकीं प्रत्येकास त्या सामन्याबद्दल मिळाले सुमारें ४,७०० डॉलर. परंतु त्या दिवशीं कोट्यवधि लोकांनीं घरीं बसून सामना पाहिला, आणि दूरदर्शनच्या व्यापाऱ्यांस या खेळांत केवढें धन दडलें आहे याचा साक्षात्कार झाला. आज अव्वल क्वार्टरबॅकचें वर्षाचें वेतन पांच कोटि डॉलरांच्याहि वर जातें. त्या संपत्तीच्या झऱ्याचें उगमस्थान बहुतेक इतिहासकार याच सामन्यांत दाखवितात.

इतकें ऐकल्यावर कोणासहि वाटावें, कीं तो काळ सुवर्णयुगच होता. मलाहि तसें वाटूं लागलें होतें. पण शेजारी प्रामाणिक गृहस्थ. एके दिवशीं लेनी मूर याच्या छायाचित्रापुढें उभे राहून ते म्हणाले, "यांना विचाराल तर हे निराळी गोष्ट सांगतील." मूर हा विजेसारखा चपळ, कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्या धावण्यावर सारें शहर लुब्ध. पण त्याच शहरांतील कित्येक उपाहारगृहांचे आणि नाटकगृहांचे दरवाजे त्यास व त्याच्या वर्णाच्या सहकाऱ्यांस बंद. मैदानावर खांद्याला खांदा लावून लढलेले गडी सामना संपल्यावर रंगाप्रमाणें दोन वाटांनीं जात. "आम्हां मुलांना हें दिसत होतें, पण तें आमच्या ध्यानांत येत नव्हतें," असें ते म्हणाले. गतकाळाविषयींच्या प्रेमांतला हा मोठा दोष आहे. तें प्रेम आंधळें नसतें. तें निवडून पाहतें. आपणां भारतीयांस, विशेषतः आमच्यासारख्या घरांत वाढलेल्यांस, हें वाक्य अंतर्मुख करणारें आहे. मूरनें मात्र कटुता धरली नाहीं. निवृत्तीनंतर मेरीलँड राज्याच्या बालगुन्हेगारांसाठीं असलेल्या खात्यांत त्यानें १९८४ पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ काम केलें.

पुढें संघाचे मालक बदलले. २८ मार्च १९८४ च्या रात्रीं, पाऊस व बर्फ यांच्या माऱ्यांत, मालमोटारी आल्या आणि कोल्ट्सचें सारें सामानसुमान भरून इंडियानापोलिस शहराकडे निघून गेल्या. सकाळीं शहर जागें झालें तों संघ नाहीं. एक गोष्ट मात्र मागें राहिली, ती म्हणजे संघाचा वाद्यवृंद. त्यांचे गणवेष धुलाईस गेलेले असल्यामुळें वांचले. संघ नसलेल्या शहरांत हा वाद्यवृंद बारा वर्षें इतरांच्या मैदानांवर, मिरवणुकींत वाजवीत राहिला. १९९६ सालीं शहराला रेव्हन्स हा नवा संघ मिळाला. त्याचें नांव याच शहरांत चिरनिद्रा घेत असलेल्या एडगर अ‍ॅलन पो या कवीच्या 'द रेव्हन' या कवितेवरून घेतलें आहे. युनिटासनें पळून गेलेल्या संघाशीं आपला कांहीं संबंध मानला नाहीं. त्याचा पुतळा आज बाल्टिमोरच्या नव्या मैदानाबाहेर उभा आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची, तिच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला.

ज्या उजव्या हातानें युनिटासनें तो इतिहास घडविला, तो हात उतारवयांत त्याला साधें बटण लावावयासहि उपयोगी पडत नव्हता. १९६८ सालीं त्या हाताला जबर दुखापत झाली होती. पुढें बोटांतील शक्ति गेली. आवडता गॉल्फ खेळावयाचा तर काठी पट्ट्यानें हाताला बांधून घ्यावी लागे. अपंगत्वाबद्दल त्यानें संघटनेकडे केलेली मागणी मान्य झाली नाहीं. ११ सप्टेंबर २००२ रोजीं हृदयविकारानें तो वारला.

परंतु हात गेला तरी मनुष्य उरतो. जॉन मॅकी याचें काय गेलें तें ऐकावें. मॅकी १९६३ सालीं संघांत आला. अंगावर चार-पांच गडी घेऊन पुढें धावणारा असा दुसरा नव्हता. तो केवळ बलवान नव्हता, बुद्धिमानहि होता. १९७० सालीं खेळाडूंच्या संघटनेचा तो अध्यक्ष झाला. संप करून त्यानें सर्वांसाठीं निवृत्तिवेतनांत वाढ मिळविली. करार संपल्यावरहि खेळाडूला मोकळेपणानें दुसऱ्या संघांत जातां येऊं नये असा जो नियम होता, त्याविरुद्ध न्यायालयांत गेलेल्या खटल्याला त्याचेंच नांव आहे. १९७६ सालीं वरिष्ठ न्यायालयानें तो नियम अवैध ठरविला. आजच्या खेळाडूंच्या कोट्यवधींच्या करारांमागें या मनुष्याची झुंज आहे.

साठी येण्यापूर्वींच त्याची स्मृति ढासळूं लागली. पुढें माणसें ओळखूं येईनात. पत्नी सिल्व्हियाबाईंना आरोग्यविम्यासाठीं उतारवयांत विमानसेविकेची नोकरी पत्करावी लागली. एकदां विमानतळावर तपासणीसाठीं बोटांतली अंगठी काढावयास सांगितलें. ती अजिंक्यपदाची अंगठी होती. मॅकी ती देईना. आपणांस कोणी लुटीत आहे असें वाटून तो जुन्या दिवसांप्रमाणें उसळून धावला, आणि त्यास आवरावयास कित्येक रक्षक लागले. बाकी सारें विसरलें होतें. ती अंगठी आपली आहे, एवढें विसरलें नव्हतें.

२००६ सालीं सिल्व्हियाबाईंनीं संघटनेच्या प्रमुखांस पत्र लिहून, स्मृतिभ्रंश झालेल्या पतीची शुश्रूषा म्हणजे काय असतें हें स्पष्ट शब्दांत कळविलें. त्या पत्राचा परिणाम झाला. २००७ सालापासून अशा वृद्ध खेळाडूंच्या शुश्रूषेसाठीं वर्षास ८८,००० डॉलरांपर्यंत साहाय्य देण्याची योजना सुरू झाली. मॅकीच्या पाठीवरचा अंक ८८ होता. योजनेलाहि तेंच नांव मिळालें. मॅकी २०११ सालीं, वयाच्या ६९ व्या वर्षीं वारला. जें साहाय्य त्याच्या नांवानें शेंकडों घरांस मिळालें, तें त्याच्या नांवानें आहे हें समजण्याची शक्ति मात्र त्याच्या ठिकाणीं उरली नव्हती.

याचें कारण शास्त्रज्ञांस हळूहळू उमगलें. २००२ सालीं पिट्सबर्गचा माइक वेब्स्टर हा विख्यात खेळाडू अवघ्या पन्नाशींत, दैन्यावस्थेंत वारला. बेनेट ओमालू या नायजेरियांत जन्मलेल्या तरुण वैद्यानें त्याच्या मेंदूची सूक्ष्म तपासणी केली, आणि डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांनीं होणारी मेंदूची झीज त्यांत आढळल्याचें २००५ सालीं प्रसिद्ध केलें. शिरस्त्राण कवटी वांचवितें; कवटीच्या आंत मेंदू हिंदकळतो, त्याला तें काय करणार? एकेका आघातानें मनुष्य बेशुद्ध होतो असें नाहीं. लहान लहान हजारों धक्क्यांचा संचय घात करतो. २०१७ सालीं बॉस्टन येथील संशोधकांनीं मृत व्यावसायिक खेळाडूंचे १११ मेंदू तपासले, त्यांपैकीं ११० मध्यें हा विकार आढळला. ज्या कुटुंबांना संशय होता त्यांनींच बहुधा मेंदू दिले असणार, म्हणून सर्वच खेळाडूंना हेंच प्रमाण लावणें न्याय्य नव्हे. तरी इशारा पुरेसा आहे. प्रारंभीं संघटनेनें हा संबंध नाकारला. हजारों जुन्या खेळाडूंनीं दावे लावल्यावर २०१५ सालीं भरपाईच्या तडजोडीस न्यायालयाची मान्यता मिळाली.

येथें मला विचित्र विरोध दिसतो. शेजाऱ्यांना १९५८ चा प्रत्येक डाव पाठ होता. कोणी कोठून चेंडू फेंकला, कोणत्या कडेला झेलला, सारें मुखोद्गत. आणि ज्यांनीं तो पराक्रम केला, त्या पिढींतील कित्येकांस आपल्या मुलांचींहि नांवें आठवेनाशीं झालीं. पाहणाऱ्यांना आयुष्यभर पुरेल एवढी स्मृति त्यांनीं दिली, आणि ती देतां देतां स्वतःची गमावली. मग त्यांची आठवण काढून हळहळणें एवढ्यानें आपलें काम संपतें काय? आपल्या शास्त्रांनीं जन्मतःच मनुष्यावर ऋणें सांगितलीं आहेत. पितरांचें ऋण त्यांत आहे. एखाद्या घरांत कर्त्या मुलांनीं भरभराट करावी, माळ्यावर माळे चढवावे, आणि ज्यानें पाया खणला त्या म्हाताऱ्यास माळवदाखालच्या काळोख्या खोलींत पडूं द्यावें. वर सणासुदीला त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी मात्र कौतुकानें सांगाव्या, तर त्या घराला आपण कृतज्ञ म्हणणार नाहीं. १९५९ पूर्वीं निवृत्त झालेल्यांना तर कित्येक वर्षें निवृत्तिवेतनच नव्हतें. २०११ सालीं जुन्या खेळाडूंसाठीं ६२ कोटि डॉलरांचा निधि बाजूस काढण्यांत आला. उशिरां कां होईना, तें ऋण मान्य झालें, हें चांगलें झालें. पण तोंपर्यंत भिंतीवरचीं पुष्कळ चित्रें निमालेलीं होतीं.

हें सारें बोलणें चालू असतां एका रविवारीं शेजाऱ्यांनीं आपल्या घरचा प्रश्न सांगितला. त्यांचा बारा वर्षांचा नातू शाळेच्या संघांत खेळावयास उत्सुक होता. मुलीनें, म्हणजे त्याच्या आईनें, साफ नकार दिला. नातू आजोबांकडे धांवला; या घरांत फुटबॉलचा पक्ष घेणारें आजोबांखेरीज कोण असणार? "मीं काय केलें असेल, प्रोफेसर?" त्यांनीं विचारलें. मी गप्प राहिलों. "मीं मुलीची बाजू घेतली. ज्या खेळानें मला माझा बाप हंसतांना आणि रडतांना दाखविला, त्या खेळापासून मीं माझ्याच हातानें नातवाला दूर केलें. त्यानें माझ्याशीं आठ दिवस बोलणें टाकलें." हें सांगतांना त्यांची नजर मॅकीच्या चित्रावर होती. त्यांचें करणें योग्य झालें असें मला वाटतें; पण तें किती जड गेलें, हेंहि मला दिसत होतें.

आमच्या परतीच्या आठवड्यांत ते मला मोटारीनें जुन्या मैदानाच्या जागीं घेऊन गेले. मेमोरियल स्टेडियम २००१-०२ मध्यें पाडून टाकण्यांत आलें. दर्शनी भिंतीवरचीं तीं अक्षरें जपून काढून नव्या मैदानांजवळच्या स्मारकांत बसविलीं आहेत. जुन्या जागेवर आज काय असावें? वृद्धांसाठीं बांधलेलीं घरें, आणि शेजारीं मुलांना खेळावयास एक लहानसें मैदान. जेथें युनिटास फेंकीसाठीं हात मागें घेत असे, त्याच परिसरांत कांहीं म्हातारीं माणसें उन्हांत बांकांवर बसलीं होतीं. शेजाऱ्यांनीं अंदाजानें पावलें मोजून एक जागा दाखविली, "साधारण येथें आमच्या बैठकीची रांग." आणि टोपी काढून ते थोडा वेळ तेथें उभे राहिले. मीहि नकळत हात जोडले.

मी परत आल्यापासून एकेक नांव गळतेंच आहे, आणि आतां तीं केवळ बाल्टिमोरचीं नव्हत. त्या साऱ्या पिढीचीं आहेत. २०१९ च्या मे महिन्यांतच ग्रीन बेचा बार्ट स्टार गेला होता. २०२० सालीं शिकागोचा गेल सेयर्स गेला. २०२२ च्या डिसेंबरांत पिट्सबर्गचा फ्रँको हॅरिस, त्याच्या सर्वांत गाजलेल्या झेलीच्या सुवर्णमहोत्सवाला अवघे दोन-तीन दिवस उरले असतां, गेला. २०२३ सालीं जिम ब्राउन आणि डिक बटकस गेले. असें कांहीं झालें कीं शेजाऱ्यांचें दोन ओळींचें पत्र संगणकावर येतें. त्यांत नांव, संघ आणि पाठीवरचा अंक, एवढेंच असतें. गेल्या खेपेच्या पत्रांत मात्र एक ओळ अधिक होती. नातू आतां पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेतो, आणि रविवारीं तळघरांत येऊन आजोबांकडून त्या भिंतीवरच्या एकेका माणसाची हकीकत विचारून घेतो, असें त्यांनीं लिहिलें होतें.